वेगळं सांगायचं, पण पुराव्यानिशी

पोफळीत कुणी 'मुलगा काय करतो?' असं विचारलं आणि 'बोर्डात आहे', म्हणजे वीज मंडळात, असं उत्तर मिळालं, की पुढे काही सांगावं लागत नाही. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याचं हे गाव कोयना जलविद्युत प्रकल्पाने घडवलं. डोंगराच्या पोटातलं वीजघर १९६२ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून इथल्या आणि आसपासच्या अलोरे, शिरगाव, कोळकेवाडीच्या घरांत फिटर, ऑपरेटर, ज्युनिअर इंजिनिअर ही पदं ओळखीची झाली. त्याखालोखाल लोटे-परशुराम नाहीतर खेर्डीच्या एमआयडीसीतली कंपनी, मुंबईची नोकरी, मास्तरकी. पण 'प्रॉडक्ट मार्केटिंगमध्ये आहे' असं म्हटलं, की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे दारोदार जाऊन विकायचं का?"

प्रश्न वाटतो तितका चुकीचा नाही. दारोदार जाऊन आलेला माणूस या कामात इतरांपेक्षा पुढेच असतो. फरक एवढाच, की विक्रेता तयार वस्तू विकतो आणि प्रॉडक्ट मार्केटिंग करणारा त्याच्या आधीची गणितं मांडतो. ही वस्तू नेमकी कोणासाठी? तो माणूस आज तिच्याऐवजी काय वापरतो? ते सोडून इकडे का यावं? ही गोष्ट त्याला कोणत्या शब्दांत पटेल, आणि विक्रेत्याच्या हातात काय दिलं तर त्याचं काम सोपं होईल? औषधं, पंप, बियाणं, रसायनं, सॉफ्टवेअर, लोणची, सगळीकडे हे काम असतं. ते नीट करणारी माणसं थोडी आहेत, कारण सोपा रस्ता समोरच असतो: शेजारच्या कंपनीचं माहितीपत्रक उघडायचं, चार विशेषणं बदलायची आणि साहेबांपुढे ठेवायचं. नव्या माणसाला तो रस्ता सुरक्षितही वाटतो. सगळ्यांसारखं केलं आणि फसलं तर कुणी विचारत नाही. वेगळं केलं आणि फसलं तर नाव निघतं.

हा सारखेपणा पाहायला मोठ्या शहरात जायची गरज नाही. चिपळुणात किंवा मुंबई-गोवा महामार्गावर कोकण मेव्याच्या एखाद्या दुकानात कोकमाच्या बाटल्यांसमोर उभं राहावं, ब्रँडच्या नावावर बोट ठेवावं आणि उरलेलं लेबल वाचावं. शुद्ध, अस्सल, घरगुती, पारंपरिक चव. बाजूला नारळाचं झाड. बोट उचलून शेजारच्या बाटलीवर ठेवावं. बहुतेक वेळा नाव झाकलं की बाटली कुणाची ते ओळखता येत नाही. आता त्याच फळीवरची आगळाची बाटली हातात घ्यावी. आगळ म्हणजे मिठात काढलेला रस. सोलकढीला लागतो तो. पण घाटावरच्या नाहीतर नागपूरच्या गिऱ्हाइकाला हे ठाऊक नसतं. तो सरबत समजून ग्लासात ओततो, पहिल्याच घोटाला तोंड वेडंवाकडं करतो आणि पुन्हा त्या बाटलीच्या वाटेला जात नाही. वाटीभर नारळाच्या दुधाला आगळ किती, वरून मीठ घालायचं की नाही, बाटली उघडल्यावर ठेवायची कुठे, या तीन ओळी लेबलच्या दर्शनी बाजूला छापाव्यात, हे कोकणातल्या स्वयंपाकघरात वाढलेल्या मुलीला सुचेल. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते छापायला हवंच. पण नोंदणी केलेल्या प्रत्येक उत्पादकाकडे ते सारखंच असणार. त्या तीन ओळी मात्र गिऱ्हाइकाची फजिती ज्याने पाहिली आहे त्यालाच लिहिता येतात.

या व्यवसायात व्यक्तिमत्त्वाला किंमत येते ती अशी. रंगीत चष्मा, मीटिंगमधली चमकदार वाक्यं किंवा सगळ्यांना विरोध करायची सवय म्हणजे वेगळेपण नव्हे. इतर जण जिथे उभे नाहीत तिथून वस्तूकडे पाहायचं आणि जे दिसलं ते सिद्ध करायची जबाबदारी घ्यायची. दुसरा भाग नसेल तर पहिल्याला फार दिवस कुणी विचारत नाही.

महाराष्ट्रात याचं सर्वांत ठळक उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना चित्रकार व्हायचं होतं, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते दाखलही झाले. रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर त्यांनी यंत्रांच्या रेखाचित्रांकडे मोर्चा वळवला. पुढे बेळगावला सायकलींचं दुकान, कडबा कापायची यंत्रं आणि मग लोखंडी नांगर. नांगर चांगला होता, पण कुणी घेईना. लोखंडाने जमिनीत विष भिनतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोनेक वर्षं गेली. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जागेवर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, तरी प्रश्न तोच होता. वस्तू तयार आहे. ती वापरायला लागणारा विश्वास तयार नाही.

अशा वेळी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव या कामात होते. त्यांचाही पिंड चित्रकाराचा. व्यंगचित्रं काढायचे, लिहायचे. चारचौघांच्या हिशेबात कारखान्याला अशा माणसाचा काय उपयोग? शंकररावांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' नावाचं छोटं पत्रक सुरू केलं. कारखाना, त्याचे एजंट आणि गिऱ्हाईक यांना जोडणारं ते पत्रक होतं. नुसती मालाची जाहिरात लोक फार काळ वाचणार नाहीत हे त्यांनी ओळखलं आणि पानांमध्ये वाचकाच्या उपयोगाचं, करमणुकीचं, विचाराला चालना देणारं लेखन आणलं. होता होता त्या पत्रकाचं 'किर्लोस्कर' मासिक झालं. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' निघालं. नांगर आणि पंप करणाऱ्या कारखान्याच्या आवारातून मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्यांनी वाचलेली मासिकं निघत होती. आज कंपन्या 'कंटेंट मार्केटिंग' या नावाने जे शिकवतात, ते किर्लोस्करवाडीत या माणसाने आपल्या स्वभावाच्या बळावर करून दाखवलं.

या गोष्टीतून नव्या माणसाने उचलावं असं एक आहे. शंकररावांनी आपली चित्रकला आणि लेखणी कारखान्याच्या फाटकाबाहेर ठेवली नाही. पण ती कारखान्याच्या अडचणीला जुंपली. छंद वेगळा, नोकरी वेगळी असं ठेवलं असतं तर एक बरा चित्रकार आणि एक सामान्य विक्री-अधिकारी तयार झाला असता. प्रॉडक्ट मार्केटिंगमध्ये येणाऱ्याने स्वतःची अशी यादी करावी: मला असं काय येतं जे या खात्यातल्या दुसऱ्या कुणाला येत नाही? नमन, संकासुर या कोकणातल्या लोककलांत वाढलेल्याला गर्दी कशाला थांबते ते कळतं. लोट्याच्या प्लँटमध्ये दोन वर्षं शिफ्ट केलेल्या बीएस्सी केमिस्ट्रीवाल्याला हे माहीत असतं, की माहितीपत्रकावर 'उच्च शुद्धता' असं कितीही मोठ्या अक्षरांत छापलं तरी रात्रपाळीच्या ऑपरेटरला पिशवी फाडल्यावर पावडर किती उडते याचीच काळजी असते. रसायन विकणाऱ्या कंपनीला असा माणूस एमबीएच्या पाठ्यपुस्तकातून मिळत नाही.

दुसरं उदाहरण परळचं. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ मध्ये विको सुरू केली. पहिलं उत्पादन दातांची आयुर्वेदिक पावडर, आणि ती खरोखर दारोदार फिरूनच खपवली. त्यांचे चिरंजीव गजानन पेंढरकरांच्या काळात, १९७५ मध्ये, विको टर्मरिक बाजारात आली. तो काळ पांढऱ्याशुभ्र स्नो-क्रीमचा. क्रीम म्हणजे पांढरं, हे गिऱ्हाइकाच्या डोक्यात पक्कं बसलेलं. विकोचं क्रीम पिवळं, हळदीचं. चेहऱ्यावर डाग राहील ही भीती उघड होती. इथे दोन मार्ग होते. रंग लपवायचा, म्हणजे इतरांसारखं दिसायचं. नाहीतर पिवळा रंगच पुढे करायचा. कंपनीने दुसरा घेतला. विक्रेते आरसा सोबत नेत, दुकानदाराला क्रीम लावायला देत आणि डाग पडत नाही हे त्याचं त्यालाच पाहू देत. दुकानदाराची शंका तिथल्या तिथे मिटवण्याचा याहून स्वस्त उपाय नव्हता.

याच उत्पादनाने आणखी एक धडा दिला. वस्तू कोणत्या वर्गात मोडते याचा कंपनीने केलेला दावा फक्त जाहिरातीपुरता नसतो. विकोचं म्हणणं होतं की हे सौंदर्यप्रसाधन नाही, आयुर्वेदिक औषध आहे. उत्पादनशुल्क खात्याला ते मान्य नव्हतं, कारण दोन्हींवरचा कर वेगळा. वाद वर्षानुवर्षं चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि कंपनीचं म्हणणं टिकलं. तोच दावा त्यांच्या जाहिरातगीताचा कणाही होता. सिनेमागृहांत आणि पुढे १९८४ च्या 'ये जो है जिंदगी' या मालिकेच्या निमित्ताने दूरदर्शनवर तो देशभर पोचला. कारखान्यातला परवाना, न्यायालयातला युक्तिवाद आणि जाहिरातीतलं वाक्य ही तिन्ही एकच गोष्ट सांगत होती, म्हणून ती टिकली. वेगळं बोलायचं तर इतकं एकसंध बोलायला हवं.

तिसरं उदाहरण सहलींच्या धंद्यातलं. वीणा पाटील यांनी केसरी टूर्समध्ये असताना फक्त स्त्रियांच्या सहली सुरू केल्या, २०१३ मध्ये वीणा वर्ल्ड स्थापन केल्यावरही हा प्रकार चालू ठेवला. हॉटेलं तीच, बस तशीच, विमानही तेच. बदललं ते एवढंच, की घरातल्यांशिवाय प्रवासाला निघणारी बाई हीसुद्धा एक गिऱ्हाईक आहे हे कुणीतरी गंभीरपणे घेतलं. अशी न दिसलेली गिऱ्हाइकं अजून पुष्कळ आहेत.

उदाहरणं वाचून हुरूप येतो. सोमवारच्या मीटिंगमध्ये तो टिकत नाही. समूहाचा दाब किती असतो हे सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ च्या सुमारास अमेरिकेत प्रयोग करून दाखवलं. कोणती रेघ दुसरीइतकी लांब, एवढा साधा प्रश्न. खोलीतले बाकीचे आधी पढवलेले, ते मुद्दाम चुकीचं उत्तर देत. डोळ्यांना स्पष्ट दिसत असूनही सुमारे तीन चतुर्थांश माणसं निदान एकदा तरी त्या चुकीच्या उत्तरामागे गेली. पण खोलीत फक्त एक जण खरं उत्तर देणारा असला, की हा दाब एकदम ओसरायचा. ऑफिसातल्या माणसाने यातून एक साधी सवय लावून घ्यावी. वेगळा मुद्दा भर मीटिंगमध्ये पहिल्यांदा मांडूच नये. आदल्या दिवशी एकाला तरी गाठावं आणि दाखवावं. तो विक्री खात्यातला असला तर फारच चांगलं, कारण गिऱ्हाइकाच्या शिव्या रोज तोच खात असतो.

एडविन हॉलंडर या अभ्यासकाने १९५८ मध्ये याला जोडून एक विचार मांडला. गटात ज्याने आधी कामातली हुशारी दाखवली आणि गटाच्या रीती पाळल्या, त्याच्या नावावर जणू पत जमा होते; पुढे रीत मोडताना ती पत त्याला खर्च करता येते. नव्या नोकरीत पहिले काही महिने हे ध्यानात ठेवावं. अहवाल वेळेवर, आकडे बिनचूक, लाँचच्या तारखा सांभाळलेल्या, सेल्सच्या माणसाने मागितलेला कागद त्याच दिवशी हातात. अशा माणसाने सहाव्या महिन्यात 'हे माहितीपत्रक फेकून नवं लिहू या' म्हटलं, तर साहेब खुर्चीत पुढे सरकून ऐकतात. पहिल्याच आठवड्यात म्हटलं तर घड्याळ पाहतात.

म्हणायचं कसं, हेही शिकण्यासारखं आहे. 'मला हे पटत नाही' याला ऑफिसात किंमत नसते. "सर, गेल्या महिन्यात माल न घेतलेल्या आठ जणांशी बोललो. पाच जणांनी किमतीचं नावच काढलं नाही. बसवायला माणूस येत नाही, अशी त्यांची तक्रार होती. पुढचे दोन आठवडे फक्त सातारा जिल्ह्यात 'बसवून देऊ' हे वाक्य पुढे ठेवून पाहू का? चौकशा वाढल्या नाहीत तर मीच थांबवीन." या पाच वाक्यांत सगळं आहे: काय ऐकलं, किती जणांकडून, छोटा प्रयोग, आणि हरलो हे कशावरून ठरेल. ही शेवटची अट आधी सांगून ठेवणं फार महत्त्वाचं. मग वेगळं मत हा हट्ट उरत नाही आणि फसलं तरी नुकसान एका जिल्ह्यापुरतं राहतं.

गिऱ्हाइकांशी बोलताना त्यांचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरावेत. आपल्या भाषेत आणू नयेत. 'पंप धाप टाकतो' असं शेतकरी म्हणाला तर 'कार्यक्षमता कमी' असं लिहू नये. त्याच्याच शब्दांतून उद्याचं शीर्षक निघतं. इथे मराठी घरातल्या माणसाचं पारडं जड आहे. इंग्रजी किंवा हिंदीतून ओढूनताणून आणलेल्या मराठी जाहिराती कितीतरी दिसतात. वाचताक्षणी कळतं की हे वाक्य मराठी माणूस बोलणार नाही. ते दुरुस्त करून, दोन्ही रूपं शेजारी मांडून, चार दुकानदारांना दाखवून त्यांची प्रतिक्रिया साहेबांपुढे ठेवणं हे पोफळीहून मुंबईत गेलेल्या मुलीला पहिल्या महिन्यातही जमेल. उच्चारात कोकणी हेल आहे, इंग्रजी अडखळतं, म्हणून मीटिंगमध्ये गप्प बसणारी हुशार मुलं पाहिली की जीव हळहळतो. इंग्रजी सुधारावं जरूर, लिखाणाला तर ते लागतंच. पण त्यासाठी आपला हेल पुसून टाकायची काही गरज नाही.

तीच गोष्ट अबोल स्वभावाची. मार्केटिंग म्हणजे बडबड, पार्ट्या, टाळ्या, असा समज अनेकांना या क्षेत्रापासून दूर ठेवतो. प्रॉडक्ट मार्केटिंगचा मोठा भाग ऐकण्याचा, वाचण्याचा आणि लिहिण्याचा आहे. समोरच्याला मध्ये न तोडता वीस मिनिटं बोलू देणारा माणूस गिऱ्हाइकाकडून जे काढून आणतो, ते बोलघेवड्याला मिळत नाही. पार्टीला गेलं नाही, दारू घेतली नाही, उपास धरला, यांवरून सुरुवातीला कुणी टोकेल. हसून विषय बदलावा आणि कामाचा कागद चोख ठेवावा.

काही ठिकाणी मात्र रीत मोडायची मुभा नाही, आणि नसावीच. खाद्यपदार्थाच्या लेबलावर काय असावं हे अन्नसुरक्षेचे नियम ठरवतात. मधुमेह बरा होतो असा दावा छापणं किंवा त्याची जाहिरात करणं १९५४ च्या आक्षेपार्ह औषधी जाहिरातींच्या कायद्यात बसत नाही, मग मजकूर कितीही कल्पक असो. जाहिरात मानक परिषदेचीही नियमावली आहे. ही परिषद १९८५ पासून काम करते. ज्याला वेगळं लिहायचं आहे त्याने हे नियम इतरांपेक्षा नीट वाचलेले असावेत. मर्यादा माहीत असलेला माणूस आत मोकळेपणाने फिरतो. माहीत नसलेला एकतर घाबरून सगळ्यांसारखं लिहितो किंवा कंपनीला नोटीस आणतो.

हातात नोकरी नसतानाही सुरुवात करता येते. चिपळूण परिसरातलं एखादं खरं उत्पादन निवडावं: काजूगर, फणसपोळी, मच्छीमाराची जाळी, लोट्यातलं एखादं औद्योगिक रसायन. विकणाऱ्याची परवानगी घेऊन त्याच्या दुकानात दोन दिवस उभं राहावं. कोण काय विचारतं, हातात घेऊन परत का ठेवतं, हे टिपावं. मग एका पानात मांडावं: घेणारा कोण, आज तो काय वापरतो, अडचण काय, आपण काय सांगू, त्याला पुरावा काय, आणि बदल झाला हे कशावरून कळेल. अशी तीन पानं घेऊन मुलाखतीला गेलेल्या उमेदवाराची फाइल वेगळी दिसते. त्यांतलं एक फसलेल्या प्रयोगाचं असलं तर ते लपवू नये. का फसलं हे नेमकं सांगता येणारा उमेदवार क्वचितच समोर येतो.

मुलाखतीत आपणही कंपनी तपासावी. "गेल्या वर्षभरात गिऱ्हाइकाच्या बोलण्यावरून तुम्ही काय बदललंत?" असा प्रश्न विचारावा. उत्तरात ठोस वस्तू, ठोस बदल आला तर तिथे वेगळ्या मताला जागा आहे. 'आमच्याकडे नवकल्पनांचं स्वागत आहे' एवढंच आलं तर पगार कितीही चांगला असो, थोडं सावध असावं.

आणि दोन-तीन प्रयोग पुराव्यानिशी मांडूनही प्रत्येक वेळी कागद बाजूला सारला जात असेल, तर दुसरीकडे पाहायला हरकत नाही. घाईने राजीनामा टाकू नये. दुसरं पत्र हातात आल्यावर रीतसर मुदत भरावी, सुरू असलेलं लाँच पुरं करून द्यावं, पुढच्या माणसाला फायली समजावून द्याव्यात. गिऱ्हाइकांची यादी, किमतींचे तक्ते, न छापलेला मजकूर हे सगळं कंपनीचं असतं, ते तिथेच ठेवून यावं. आपण काय प्रयोग केले, काय चाललं, काय चाललं नाही, याची आकडे आणि नावं वगळून लिहिलेली टिपणं मात्र सोबत असू द्यावीत. नव्या जागी पहिल्या महिन्यात कुणी अनुभव विचारला, की त्यांतून सांगता येतं.